बिजागर एक, घराणी अनेक

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून धाराशिवच्या रस्त्याला लागलं की चौसाळा येतं. बालाघाटच्या पठारावरचं हे गाव समुद्रापासून जवळजवळ तीनशे किलोमीटर आत आहे. पायाखाली काळा पाषाण, वर कुठे काळी माती तर कुठे नुसता मुरूम, आणि पावसाचा भरवसा असा की एका वर्षी ओढे दुथडी भरतात तर दुसऱ्या वर्षी गुरं चारा छावणीत न्यावी लागतात. शिंपल्यांचा विषय निघाला की मराठी माणसाला मालवण-रत्नागिरी आठवते, तिसऱ्यांचं कालवण आठवतं. चौसाळ्याचं नाव कुणी घेणार नाही. तरीही शिंपल्यांबद्दलचा एक मुळातला प्रश्न समजून घ्यायला कोकणापेक्षा हे कोरडं पठार सोयीचं आहे. दोन झडपा, त्यांना जोडणारं बिजागर आणि आत मऊ जीव ही रचना निसर्गात एकदाच घडून वारशाने सगळ्यांकडे आली, की एकमेकांशी जवळचं नातं नसलेल्या प्राण्यांनी ती आपापली घडवली? माझ्या मते ती अनेकदा, वेगवेगळ्या घराण्यांत आणि वेगवेगळ्या वाटांनी घडली. हे ध्यानात यायला माणसाला दीड शतक लागलं, आणि त्या दीड शतकातले काही महत्त्वाचे टप्पे दख्खनच्या याच काळ्या पाषाणाच्या मुलखात आणि त्याच्या कडेला पडले.

मांजरा नदी याच बालाघाटात उगम पावते आणि बीड जिल्ह्याच्या दक्षिण सीमेने पूर्वेकडे जाते. दख्खनच्या अशा नद्यांच्या गाळात बोटभर लांबीचे काळपट-तपकिरी शिंपले अर्धे रुतून बसलेले असतात. त्यांतल्या सर्वांत परिचित जातीचं शास्त्रीय नाव लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस. आतून मोत्यासारख्या चकाकणाऱ्या शिंपलीने पूर्वी घरोघरी तान्ह्या बाळाला दूध पाजत. हा पहिला शिंपला, गोगलगाईच्या जातकुळीतला, म्हणजे मृदुकाय. दुसरा पठारावरच्या पावसाळी डबक्यांत सापडतो. खाणीच्या खड्ड्यात, बांधाच्या कडेला पाणी साचलं की काही दिवसांत त्यात मसुरीच्या डाळीएवढे, चपटे, अर्धपारदर्शक शिंपले चक्क पोहायला लागतात. झडपा किंचित फाकतात, दुफाट्या मिशा बाहेर येऊन वल्ह्यांसारख्या चालतात, आणि आत पानांसारख्या पायांची रांग एका लयीत हलत असते. हा झिंग्या-खेकड्यांच्या बाजूचा, म्हणजे संधिपाद. आपण त्याला शिंपलझिंगा म्हणू. तिसरा राजगिऱ्याच्या दाण्याएवढा ऑस्ट्रॅकॉड. शेवाळात आणि तळाच्या गाळात तो तुरुतुरु धावतो आणि धक्का लागताच झडपा मिटून दाण्यासारखा पडून राहतो. तोही संधिपाद, पण शिंपलझिंग्याच्या शाखेतला नव्हे. एका ओढ्याकाठी भेटू शकणारे हे तिघे दिसायला लहान-मोठी भावंडं, पण नात्याने पाहिलं तर गोगलगाय आणि खेकडा जेवढे लांब तेवढा पहिला आणि उरलेले दोघे एकमेकांपासून लांब.

हे अंतर ओळखण्याचा इतिहास याच पाषाणातून सुरू करता येतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर एकावर एक पसरले. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साठली, त्यांच्या गाळात कवचं पडली, आणि पुढच्या लाव्हाने त्यांवर झाकण घातलं. नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या वाटेवर, निर्मळच्या आसपासच्या डोंगरांत अशा गाळाचे गारगोटीसारखे कठीण झालेले थर मद्रासच्या वैद्यकीय सेवेतल्या जे. जी. माल्कमसन यांनी तपासले. तो मुलूख तेव्हा निजामाचा होता, जसं बीड पुढे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलं. माल्कमसन यांचा निबंध १८४० मध्ये लंडनला छापून आला आणि त्यातल्या जीवाश्मांना जेम्स द कार्ल सोवर्बी यांनी नावं दिली. त्यांत युनिओ डेक्कनेन्सिस हा नदीतला शिंपला आहे आणि सायप्रिस सबग्लोबोसा, सायप्रिस सिलिंड्रिका हे ऑस्ट्रॅकॉडही आहेत. दोन्हींना दोन झडपा, दोन्ही एकाच गाळातले, तरी सोवर्बी यांनी त्यांना एका कुळात घातलं नाही. कारण उघड आहे: दोघांचेही जिवंत नातलग युरोपातल्या तळ्यांत होते आणि आतला प्राणी कसा असतो ते माहीत होतं. ज्ञान आतल्या देहाचं होतं. कवचाने फक्त त्याची आठवण करून दिली. जिथे आतला देह कुणी पाहिला नव्हता तिथे काय झालं, ते पुढच्या प्रकरणात दिसतं.

ते प्रकरण नागपूरचं. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ पासून नागपुरात होते. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. धर्मप्रचार आणि शाळा सांभाळून ते दगड, जीवाश्म, तळ्यातले जीव गोळा करत आणि विलायतेला पाठवत. त्यांनी पाठवलेल्या गोड्या पाण्यातल्या जीवांपैकी एका शिंपलझिंग्याला ब्रिटिश म्युझियमच्या विल्यम बेअर्ड यांनी १८५९ मध्ये एस्थेरिया हिस्लोपी असं नाव दिलं. हिस्लॉप यांनी खडकांतूनही असेच शिंपले काढले होते. नागपूरच्या दक्षिणेला वर्धा खोऱ्यात मांगली नावाचं गाव आहे. लाव्हाच्या कितीतरी आधीच्या, ट्रायसिक काळातल्या तिथल्या खडकांत ब्रॅकिऑप्स हा उभयचर सापडला आणि त्याच्यासोबत नखाहून लहान शिंपल्यांचे ठसेही. टी. रूपर्ट जोन्स यांनी १८६२ मध्ये जीवाश्म एस्थेरियांवर जो ग्रंथ लिहिला त्यात त्यांना एस्थेरिया मांगलिएन्सिस म्हटलं. जोन्स यांच्यापुढे तेव्हा मोठा गुंता होता. जर्मनी आणि इंग्लंडच्या ट्रायसिक खडकांत अशाच बारीक झडपांचे थरच्या थर होते आणि भूशास्त्रज्ञ त्यांना पोसिडोनोमिया या समुद्री शिंपल्याच्या वंशात घालत आले होते. खडक समुद्राचा की तळ्याचा हा निर्णय त्या ओळखीवर ठरत असल्यामुळे ही चूक साधी नव्हती. गोड्या पाण्याच्या गाळाला समुद्र ठरवणं म्हणजे साऱ्या प्रदेशाचा भूतकाळ चुकीचा लिहिणं.

फसायला कारणही तसंच होतं. शिंपल्याच्या पाठीवर बिजागराभोवती कमानीसारख्या वाढरेषा असतात. शिंपलझिंग्याच्या पाठीवरही हुबेहूब तशाच असतात. पण दोघांच्या रेषांचा जन्म वेगळा. नदीतला शिंपला झडपेच्या कडेला चुन्याची किनार जोडत जातो. वाढ मंदावली की रेष उमटते. शिंपलझिंगा संधिपाद असल्यामुळे वाढण्यासाठी कात टाकतो. अंगावरची, पायांवरची कात गळते, पण बहुतेक जातींत झडपांवरची जुनी कात गळत नाही. तिच्याखाली थोडी मोठी नवी झडप तयार होते आणि जुनी वर चिकटून राहते. प्रत्येक रेष म्हणजे टाकायची राहिलेली एक कात. ऑस्ट्रॅकॉड तर प्रत्येक वेळी दोन्ही झडपा पूर्ण टाकून नव्या करतो, म्हणून त्याच्या कवचावर अशा रेषा नसतात, मात्र एका जीवामागे गाळात अनेक कवचं साठतात. जोन्स यांनी झडपा सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या तेव्हा दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात त्यांना बारीक जाळीची नक्षी दिसली. ती जिवंत एस्थेरियाच्या झडपांशी जुळत होती, मृदुकायांशी जुळत नव्हती. युरोपातला तो समुद्री शिंपला अशा रीतीने तळ्यातला झिंगा ठरला. बाहेरून मिळता चेहरा, आतून वेगळी घडण, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

इथे एक आक्षेप येईल: ही तर ओळखण्यातली चूक झाली, नीट पाहिलं असतं तर गोंधळ झालाच नसता, मग स्वतंत्र उत्क्रांतीचा प्रश्न येतो कुठे? पण अनुभवी डोळ्यांनी दशकानुदशकं फसावं इतकं साम्य ज्यात आहे, त्याला कारण हवं. बेअर्ड यांनी नागपूरच्या जीवाला नाव दिलं त्याच १८५९ साली डार्विनचा जातींच्या उगमावरचा ग्रंथ निघाला. राहणीमुळे आलेलं साम्य आणि वंशामुळे आलेलं साम्य वेगळं काढलं पाहिजे हे त्यात आग्रहाने सांगितलं आहे. डार्विन त्याआधी कित्येक वर्षं खडकांना चिकटणाऱ्या बार्नॅकलवर काम करत होते, आणि बार्नॅकल हे याच धड्याचं उदाहरण. बाहेरच्या चुनखडी कवचामुळे ते मृदुकायांत मोजले जात. १८३० मध्ये जे. व्हॉन थॉम्सन यांनी त्यांच्या पोहणाऱ्या अळीचं वर्णन छापलं आणि ते खेकड्यांचे भाऊबंद ठरले. गंमत म्हणजे खडकाला चिकटण्याआधीच्या त्या अळीलाही दोन झडपा असतात, आणि ती ऑस्ट्रॅकॉडसारखी दिसते म्हणून तिला सायप्रिसवरूनच नाव मिळालं आहे.

नागपूरच्या जीवाची गोष्ट बेअर्डपाशी संपली नाही. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात बुडून वारले. १८८७ मध्ये नॉर्वेच्या जी. ओ. सार्स यांनी ऑस्ट्रेलियातून आलेला वाळका चिखल पाण्यात भिजवला आणि त्यातून हाच जीव जिवंत वाढवला. त्याची ठेवण इतर एस्थेरियांपेक्षा इतकी वेगळी निघाली की त्यांनी सायक्लेस्थेरिया असा नवा वंश केला. त्याची पिल्लं आईच्या झडपांमधल्या पोकळीतच वाढतात, पोहणारी अळी बाहेर पडत नाही. तळ्यातल्या पाणपिसवांचं वागणंही असंच. पुढे जनुकांच्या तुलनेतूनही निघालं की सायक्लेस्थेरियाचे सर्वांत जवळचे नातलग पाणपिसवाच आहेत. म्हणजे शिंपलझिंगे म्हणून जे एक टोपलं केलं होतं, त्यातले सगळेही एकमेकांचे सख्खे नाहीत. दोन झडपा दिसल्या की एका टोपल्यात टाकायची सवय इथेही नडली.

खरी कसोटी मात्र ब्रॅकिओपॉड या समुद्री प्राण्यांची. मध्य प्रदेशात नर्मदा खोऱ्यातल्या बाघच्या क्रिटेशस खडकांत ते भरपूर सापडतात, जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी १९३८ मध्ये तिथल्या एका वंशाला माल्वीरिंकिया हे नाव दिलं. ब्रॅकिओपॉडला दोन झडपा, पुष्कळ जातींत दातांचं पक्कं बिजागर, आणि पाणी गाळून खाण्याची शिंपल्यासारखीच सवय. एकोणिसाव्या शतकात बराच काळ ते मृदुकायांच्याच वळचणीला होते. १८७० मध्ये अमेरिकेच्या एडवर्ड मोर्स यांनी ते मृदुकाय नाहीत असा दावा केला. त्यांना वलयांकित कृमींत घालण्याचा मोर्स यांचा पर्याय टिकला नाही, पण नकार टिकला. नदीतल्या शिंपल्याच्या झडपा डावी-उजवी असतात, आपल्या दोन तळहातांसारख्या. ब्रॅकिओपॉडच्या झडपा पोट आणि पाठ यांवर असतात, म्हणून त्याची प्रत्येक झडप स्वतःत सममित आणि दोन्ही मात्र एकमेकींहून वेगळ्या. उघडझापीची यंत्रणाही निराळी. शिंपला स्नायूंनी मिटतो, पण उघडतो तो बिजागराजवळच्या लवचीक पट्ट्याच्या ताणामुळे. ब्रॅकिओपॉडला तसा पट्टा नाही. मिटायला एक स्नायूजोडी आणि उघडायला दुसरी. म्हणून मांजरेच्या वाळूत मेलेला शिंपला आ वासून पडलेला दिसतो: स्नायू मेले, पट्टा अजून ओढतोय. ब्रॅकिओपॉड मेला की बंदच राहतो, आणि खडकातही पुष्कळदा तसाच मिटलेला सापडतो.

यावर आजचा जाणकार वाचक म्हणेल की १९९५ नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी ब्रॅकिओपॉड आणि मृदुकाय प्राण्यांच्या एकाच मोठ्या शाखेत आणून ठेवले आहेत, कवच घडवण्याची काही जुनी जनुकं दोघांकडे सामाईक असू शकतात. मग दोन झडपाही एकाच पूर्वजाच्या का नसाव्यात? आक्षेप वजनदार आहे, पण तो विटांबद्दल आहे, घराबद्दल नाही. त्याच शाखेत गांडुळं आहेत, गोगलगाई आहेत, माकूळ आहेत. त्यांतल्या बहुतेकांना दोन झडपा नाहीत. पूर्वजाला त्या होत्या असं मानलं तर एवढ्या साऱ्यांनी त्या गमावल्या असंही मानावं लागेल. शिवाय भ्रूण पाहावा. शिंपल्याचं कवच एकाच ग्रंथीतून, एका पातळ पापुद्र्यासारखं सुरू होतं. मग त्याच्या दोन बाजू चुन्याने कठीण होतात, मधली पट्टी मऊ राहते आणि तीच बिजागराचा पट्टा बनते. बहुतेक ब्रॅकिओपॉडांच्या झडपा पहिल्यापासून वेगवेगळ्या तयार होतात. एकाने एक पत्रा वाकवून डबी केली, दुसऱ्याने दोन पत्रे जोडून. त्यात लिंगुलासारखे ब्रॅकिओपॉड असे की त्यांचं कवच फॉस्फेटचं आणि त्यांना दातांचं बिजागरच नाही.

तरीही कुणी शेवटचा किल्ला लढवू शकतो: हे सगळे पुरावे अतिप्राचीन आहेत, तिथे काहीही सिद्ध करता येतं. त्याला उत्तर जपानने दिलं. काही चिमुकले समुद्री शिंपले शंभर वर्षं केवळ कवचावरून द्विपुटी मृदुकायांत गणले जात होते. १९५९ मध्ये कावागुती आणि बाबा या जपानी अभ्यासकांनी त्यांच्यातला एक जीव हिरव्या शेवाळावर जिवंत पाहिला. कवचातून डोकं बाहेर आलं, त्यावर गोगलगाईची शिंगं होती, आणि खाली सरपटणारा पाय. डाव्या झडपेच्या टोकावर भिंगातून अगदी बारीक शंखाचा वेढा दिसतो. तो त्याच्या अळीचं पहिलं कवच. जन्माला शंख घेऊन आलेली गोगलगाय वाढताना दुसरी झडप उभी करते आणि शिंपला होते. या कुळाचे जीवाश्म एओसीनपर्यंत मागे जातात, म्हणजे पाच-साडेपाच कोटी वर्षं. शिंपलझिंगे डेव्होनियनचे, जवळजवळ चाळीस कोटी वर्षांचे. नदीतल्या शिंपल्याचे पूर्वज आणि ब्रॅकिओपॉड कॅम्ब्रियनचे, पन्नास कोटींहून जुने. एकच शोध असता तर तो इतक्या वेगवेगळ्या काळी, इतक्या वेगळ्या पूर्वजांतून पुन्हा पुन्हा उगवला नसता.

मग हाच आकार का? पाण्यातल्या मऊ जीवाला दोन विरोधी गरजा भागवायच्या असतात: शत्रूपासून आणि कोरडेपणापासून पूर्ण बंद होणं, आणि श्वास, अन्न, पिल्लं यांसाठी उघडं राहणं. एका टोपीसारख्या कवचाला खालून खडकाचा आधार लागतो. शंखाला एकच तोंड राखायला निराळी झाकणी लागते. चारही बाजूंनी मिटून पुन्हा उघडणारी पेटी करायची तर दोन भाग आणि त्यांना जागेवर ठेवणारा एक सांधा, याहून कमी भागांत भागत नाही. शिवाय मिटलेल्या झडपांमध्ये पाण्याची एक खोली तयार होते. शिंपला त्या खोलीतून पाणी गाळतो, शिंपलझिंगा तिथे पायांनी प्रवाह चालवतो आणि अंडी सांभाळतो. कारण सगळीकडे सारखं नाही हेही मान्य करायला हवं: ती जपानी गोगलगाय पाणी गाळत नाही, शेवाळाचा रस शोषते. बिजागरही सगळ्यांचं सारखं नाही. बहुतेक शिंपलझिंग्यांच्या झडपा पाठीवर नुसत्या दुमडलेल्या असतात, फक्त एका गटात खरा सांधा आहे. यामुळे माझं म्हणणं ढिलं पडत नाही. घडी, पट्टा, दात अशा वेगवेगळ्या पायऱ्यांवर थांबलेले कारागीर दिसतात तेव्हाच कळतं की कुणी कुणाची नक्कल केलेली नाही, भूमितीने सगळ्यांना एकाच दारापाशी आणून सोडलं आहे. सगळ्यांनाच नाही: माकूळ वेगाने सुटला, त्याला पेटी नकोशी झाली.

चौसाळ्याच्या मुलखाला यातून एक व्यवहाराची गोष्टही शिकता येते. लाव्हाच्या थरांमधल्या गाळात दोन झडपांचा ठसा सापडला म्हणून इथे समुद्र होता असं म्हणता येत नाही. आधी रेषांमधली जाळी पाहावी लागते, दात पाहावे लागतात, झडपा मिटलेल्या की फाकलेल्या ते पाहावं लागतं. मांगलीचे शिंपले त्यामुळेच समुद्राचे न ठरता गोड्या पाण्याचे ठरले. आणि ज्याच्या नात्यागोत्यांनी हे सारं उलगडायला मदत केली तो शिंपलझिंगा काही कुठला दूरचा जीव नाही. डबकं आटलं की त्याच्या जातीतल्या बहुतेकांची अंडी चिखलात वाळत पडतात, वर ढेकळं तडकतात, उन्हाळा जातो. पुढच्या पावसात त्याच खड्ड्यात पुन्हा मसुरीएवढ्या झडपा उघडझाप करू लागतात. सार्स यांनी चिखल पाण्यात भिजवून जे केलं, ते दख्खनचा मृग दरसाल करतो.